सरफोजीराजे भोसले : इंग्रजी शिकलेला तंजावूरचा मराठी राजा

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. ताडपत्रांच्या पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल आणि संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखिते यांनी ते समृद्ध आहे. त्यांच्या शेजारीच युरोपात छापलेली हजारो पुस्तके नांदतात. त्यांपैकी अनेकांच्या आरंभीच्या पानांवर एकाच माणसाची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. या पुस्तकांत डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या सुप्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाची १७८४ साली छापलेली प्रतही आहे. कावेरीच्या खोऱ्यात राहणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या आणि तमिळ प्रजेवर राज्य करणाऱ्या एका भोसले राजाने हा ग्रंथसंभार जमवला. त्याचे नाव सरफोजीराजे दुसरे.

परकी भाषा शिकणे म्हणजे काय, ती शिकताना आपली भाषा कशी जपावी आणि शिकलेल्या विद्येचा उपयोग कोणासाठी करावा, हे प्रश्न आज मराठी शाळांसमोर आणि मराठी पालकांसमोर आहेत. सव्वादोनशे वर्षांपूर्वी ते या राजासमोरही होते. म्हणून त्याचे चरित्र आजही वाचण्याजोगे आहे.

दत्तक पुत्र आणि जर्मन गुरू

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूरला मराठी राज्याची स्थापना केली. नायक राजांनी उभारलेला वाडा मराठ्यांकडे आला, त्यात नवे महाल वाढले आणि राजवाड्याच्या दप्तरात मोडी लिपी रुजली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र या राज्याचे बळ ओसरले होते. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या साह्याने ते जिंकून घेतले आणि १७७६ मध्ये कंपनीनेच ते तुळजाजीराजांना परत दिले. अशा परत मिळालेल्या राज्याची दोरी कोणाच्या हाती असते, हे उघड होते.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तुळजाजीराजांना वारस उरला नव्हता. १७८७ च्या आरंभी, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या धर्मोपदेशकावर सोपवला.

श्वार्ट्झ इंग्रज नव्हते. १७२६ साली प्रशियात जन्मलेला हा माणूस १७५० मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत उतरला आणि पुढे कायमचा तमिळ देशाचा झाला. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी आणि पोर्तुगीज या भाषा त्यांनी कष्टाने आत्मसात केल्या. तंजावूरच्या दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. त्यांची इंग्रजीसुद्धा अशीच शिकून मिळवलेली होती. इंग्रजीच्या वाटेवर शिष्याला कोठे ठेच लागेल, हे त्या वाटेने स्वतः चालून गेलेल्या गुरूला चांगले ठाऊक असते. सरफोजींना असा गुरू लाभला, हे त्यांचे भाग्य.

बाकीचे भाग्य मात्र रुसलेले होते. तुळजाजींच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. कंपनीने पंडितांचे मत घेऊन दत्तकविधान अमान्य ठरवले. दहा वर्षांचा राजपुत्र राजवाड्यातच जवळजवळ बंदिवासात पडला. त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये तुळजाजींच्या राण्यांसह सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले.

मद्रासची पाच वर्षे

मद्रासेत सरफोजींच्या शिक्षणाकडे गेरिके या दुसऱ्या जर्मन धर्मोपदेशकाने लक्ष दिले. त्या काळात इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलाच्या हाताशी फार थोडी साधने होती. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सेरामपूरला छापले गेले ते १८०५ साली आणि त्यांचा मराठी-इंग्रजी कोश आला तो १८१० साली. मोल्सवर्थचा महाकोश तर १८३१ चा, म्हणजे सरफोजींच्या निधनाच्या आदल्या वर्षाचा. त्यामुळे इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगणारा छापील ग्रंथ त्यांच्या विद्यार्थिदशेत नव्हता. ही भाषा गुरूच्या मुखातून आणि पुस्तकांच्या सहवासातून शिकावी लागे.

तिच्यातील खरी अडचण मोठमोठ्या शब्दांत नसते. लॅटिन किंवा ग्रीक घडणीचा लांबलचक शब्द एकदा पाठ केला की त्याचा अर्थ बहुधा बदलत नाही. विद्यार्थ्याला फसवतात ती लहान, रोजची क्रियापदे. 'टेक', 'गिव्ह', 'सेट', 'फॉल', 'कम' हे शब्द पहिल्याच आठवड्यात शिकून होतात आणि पुढे आयुष्यभर शिकत राहावे लागतात. त्यांच्या मागे 'अप', 'ऑफ', 'इन', 'आउट' असे एखादे चिमुकले अव्यय जोडले की अर्थ पार पालटतो.

डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नेमके हेच नोंदवले आहे. क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत इंग्रजीत इतर भाषांपेक्षा बहुधा अधिक आहे आणि परकीयांना सर्वांत मोठी अडचण तिचीच होते, असे त्यांचे निरीक्षण होते. 'फॉल ऑन' म्हणजे हल्ला करणे, 'बेअर आउट' म्हणजे समर्थन करणे, 'गिव्ह ओव्हर' म्हणजे थांबणे, 'सेट आउट' म्हणजे निघणे, अशी उदाहरणे त्यांनी दिली. यांतील काही प्रयोग मूळ शब्दांच्या अर्थापासून इतके दूर गेलेले असतात की कितीही हुशार माणसाला त्यांचा माग काढता येत नाही, हेही त्यांनी मान्य केले. म्हणून असे प्रयोग त्यांनी विशेष काळजीने गोळा केले. एकट्या 'टेक' या क्रियापदाचे शंभराहून अधिक अर्थ त्यांच्या कोशात सापडतात. त्यांतला 'टेक ऑफ' म्हणजे नक्कल करणे. आज हाच प्रयोग विमानाच्या उड्डाणासाठी सर्वांच्या तोंडी आहे. असे प्रयोग काळाबरोबर अर्थही बदलत जातात.

मराठीचा आधार

मराठी बोलणाऱ्याला हा प्रकार अगदीच अपरिचित नसतो. आपले 'लागणे' हे क्रियापद पाहावे. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नाद लागतो. माणूस कामाला लागतो, कोणाच्या नादी लागतो आणि हरवलेली वस्तू हाती लागते. प्रत्येक ठिकाणी शब्द तोच, व्यवहार वेगळा. 'खाणे' तसेच. कोणी मार खातो, कोणी भाव खातो, कोणी लाच खातो, तर कोणी डोके खातो. सरफोजींच्या राजवाड्यात मराठी शिकू पाहणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला या क्रियापदांनी तितकेच छळले असते, जितके 'टेक' आणि 'गिव्ह' यांनी मराठी मुलाला छळले.

म्हणून अशा प्रयोगांचे शब्दाला शब्द भाषांतर होत नाही. 'गिव्ह इन' या प्रयोगात इंग्रज माणूस काहीतरी देतो, तर त्याच प्रसंगी मराठी माणूस नमते घेतो. 'पुट अप विथ' या तीन शब्दांना आपण 'चालवून घेणे' म्हणतो. मुलगा बापासारखा निघाला तर इंग्रजीत तो 'टेक आफ्टर' करतो, मराठीत तो बापाच्या वळणावर जातो. कधीकधी मात्र दोन्ही भाषा अनपेक्षितपणे एकत्र येतात. 'फॉल ऑन' मध्ये इंग्रजांचे सैन्य शत्रूवर 'पडते' आणि मराठ्यांचे सैन्यही शत्रूवर तुटून 'पडते'. ज्याला आपल्या भाषेतील अशा वळणांची जाण असते, त्याला परक्या भाषेची वळणे ओळखू येतात. ज्याची स्वतःचीच भाषा कच्ची राहिली, तो दोन्हीकडे शब्द मोजत बसतो.

सरफोजींच्या घरात मराठी होती, पाठांतरात संस्कृत होती, आणि नगरात तमिळ व तेलुगू कानांवर पडत होती. अनेक भाषांच्या या संगतीत वाढलेल्या मुलाला, एकच गोष्ट निरनिराळ्या रीतींनी सांगता येते, हे वेगळे शिकवावे लागले नाही. श्वार्ट्झ यांच्याच हाताखाली शिकलेले त्यांचे सहाध्यायी वेदनायगम शास्त्री पुढे तमिळमधील नामवंत ख्रिस्ती कवी झाले आणि सरफोजींनी त्यांना दरबारी आश्रय दिला. एका गुरूच्या दोन शिष्यांपैकी एकाने मराठी, तर दुसऱ्याने तमिळ समृद्ध केली.

राज्य गेले, विद्या उरली

श्वार्ट्झ व इतरांच्या प्रयत्नांमुळे दत्तकाचा प्रश्न पुन्हा उकरला गेला. पंडितांकडून नवे अभिप्राय आले आणि कंपनीने आपला पूर्वीचा निर्णय फिरवला. जून १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर आले. परंतु तो दिवस पाहायला श्वार्ट्झ उरले नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावूर येथे त्यांचे निधन झाले होते. कृतज्ञ शिष्याने इंग्लंडमधील विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून गुरूचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. ते आजही किल्ल्यातील शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आहे. मरणशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरून उभा असलेला राजा, असे ते शिल्प आहे. गुरूच्या समाधीसाठी सरफोजींनी स्वतः इंग्रजीत काव्यपंक्ती रचल्या. हिंदू राजाने ख्रिस्ती गुरूसाठी परक्या भाषेत लिहिलेले ते शोककाव्य आहे.

गादीवर बसून पुरते दीड वर्षही झाले नव्हते, तोच २५ ऑक्टोबर १७९९ रोजी तह झाला. त्यानुसार राज्याचा कारभार, महसूल आणि न्याय कंपनीकडे गेले. राजांकडे तंजावूरचा किल्ला व आसपासचा थोडा भाग राहिला. त्यांना वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा, असे ठरले. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या राजाला या तहाचा अर्थ दुभाष्याकडून समजून घेण्याची गरज नव्हती. परंतु भाषा कळणे वेगळे आणि अटी बदलण्याचे बळ असणे वेगळे. ज्यांनी गादी दिली, त्यांनीच सत्ता घेतली.

या वळणावर अनेक राजे नृत्य-गायन, शिकार आणि कर्ज यांत बुडाले. बावीस वर्षांच्या सरफोजींनी मात्र हाती उरलेला पैसा आणि वेळ विद्येकडे वळवला. लंडनहून पुस्तके, उपकरणे आणि चित्रे मागवली जाऊ लागली. लावाझिए यांचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ आला, वनस्पती व प्राणिशास्त्राची पुस्तके आली. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी बसले. नेत्ररुग्णांची टिपणे आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे तेथे तयार करवली गेली आणि ती ग्रंथालयात जपली गेली.

इसापाच्या गोष्टी मराठीत

सरफोजींच्या कामाचे खरे वैशिष्ट्य पुस्तके जमवण्यापेक्षा पुढच्या पायरीत आहे. मिळालेले ज्ञान त्यांनी इंग्रजीतच कोंडून ठेवले नाही.

१८०५ च्या सुमारास राजवाड्यात नवविद्याकलानिधी या नावाने देवनागरी छापखाना सुरू झाला. त्यातून १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' हे पुस्तक निघाले. इसापाच्या नीतिकथांचा तो मराठी अनुवाद होता आणि तो सख्खण पंडितांनी केला होता. मुंबईकडे सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीती' आली ती १८२८ साली. म्हणजे महाराष्ट्रातील मुलांच्या हाती इसाप पडण्याच्या वीस-बावीस वर्षे आधी कावेरीकाठची मुले तो छापील मराठीत वाचू शकत होती. कोल्हा, कावळा, सिंह आणि उंदीर यांना परक्या भाषेतून आणून मराठी बोलायला लावायचे, तर क्रियापदांची पारख लागते. तेथे शब्दाला शब्द ठेवून भागत नाही.

नव्या विद्येच्या शाळाही निघाल्या. यात्रेकरूंसाठी भोसल्यांनी बांधलेल्या छत्रांत, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळांत, शिक्षणाची जोड दिली गेली. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांत प्रसिद्ध आहे. कंपनी या छत्रांच्या उत्पन्नालाही हात लावील, अशी चिन्हे दिसताच सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला सविस्तर इंग्रजी पत्र लिहिले. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, अनाथ मुलांना आसरा आणि विद्यार्थ्यांना विद्या, हे छत्रांचे कार्य त्यांनी त्यात समजावून सांगितले आणि आपल्या घराण्याची ही परंपरा आपल्याच हाती राहावी, अशी विनंती केली. तहाने राज्य घेतले तेव्हा जी इंग्रजी उपयोगी पडली नव्हती, तीच आता भुकेल्यांची पंगत राखण्यासाठी राबत होती.

१८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरून घेतला. बाबूराव चिटणीस यांनी तो लिहिला होता. चोळ राजांच्या मंदिरावरील हा प्रदीर्घ देवनागरी शिलालेख मराठी वाचकाला आजही थबकायला लावतो. 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाट्यही सरफोजींच्या नावावर आहे. कुरवंजी हा तमिळ देशातील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री येते. सरफोजींच्या नाट्यात ही स्त्री नव्या युरोपीय ज्ञानाला धरून जगाचा भूगोल सांगते. ज्ञान पश्चिमेचे, साचा तमिळ आणि भाषा मराठी, असा हा संगम आहे.

गौरव आणि मर्यादा

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर तंजावूरला आले. राजा लावाझिए, लिनियस आणि बुफों यांचे दाखले सहज देतो, शेक्सपिअरच्या काव्याची त्याला नेमकी पारख आहे, घोड्यांचीही त्याला चांगली जाण आहे आणि तो नेमबाजही उत्तम आहे, असे त्यांनी लिहून ठेवले. त्याची इंग्रजी कविता रूसोच्या इंग्रजी ओळींहून कितीतरी सरस आहे, असा मिस्कील शेराही त्यांनी मारला. राजपुत्र शिवाजीला शिक्षणासाठी आपल्याबरोबर न्यावे, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. राजांची तयारी होती, पण मुलाच्या आईने नकार दिला. पुढे काही दिवसांतच तिरुचिरापल्ली येथे हेबर यांचा अकस्मात मृत्यू झाला.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजींनी समुद्रकिनारी मनोरा हा बुरूज बांधला. कंपनीची मर्जी सांभाळूनच त्यांना जगावे लागले. त्यांचे ग्रंथ, छापखाना आणि शाळा ज्या रकमेवर चालल्या, ती गमावलेल्या राज्याचीच किंमत होती. पण त्या किमतीचे त्यांनी काय केले, यावर त्यांचे मोठेपण ठरते. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या परिवारासह केलेल्या काशीयात्रेतूनही ते हस्तलिखिते घेऊन परतले. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले.

१८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने उरलेसुरले संस्थानही खालसा केले. राजवाड्यातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या, परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे कृत्य न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे ठरवले. ग्रंथालय मात्र टिकले. बर्नेल यांनी तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली आणि १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

तंजावूरच्या मराठी कुटुंबांत आजही तमिळ वळणाची मराठी बोलली जाते. राजवाड्यातील दरबार महालात सरफोजींचा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे आणि काही पावलांवर त्यांची पुस्तके आहेत. इंग्रजी त्यांनी मनापासून शिकली, तिच्या अवघड वळणांसह शिकली. ती शिकण्यासाठी मराठी सोडावी लागते, असे त्यांना कधी वाटले नाही. इंग्रजीतून जे घेतले, ते त्यांनी मराठीत छापले, दगडावर कोरले आणि मुलांना वाचायला दिले. घेणे आणि देणे ही दोन साधी क्रियापदे त्यांना उत्तम कळली होती. मातृभाषेतून शिकलेल्या आणि आता आपली मुले कोणत्या भाषेत शिकवावीत याचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराने तंजावूरच्या या राजाची आठवण ठेवावी.